कामाला लागलेले हात : रोजगार कार्यक्रमांचे मूल्यमापन कसे करावे?

कोणत्याही रोजगार कार्यक्रमाच्या वार्षिक अहवालात साधारणतः तीन आकडे आढळतात : झालेला खर्च, प्रशिक्षितांची संख्या आणि निर्माण झालेले मनुष्यदिवस. हे तिन्ही आकडे आवश्यकच आहेत. तथापि दीर्घकाळ कामावाचून असलेली व्यक्ती त्या कार्यक्रमामुळे पुन्हा कामाला लागली काय, या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी एकातही नसते. ते कसे शोधावे, हे दाभोळ परिसराच्या उदाहरणावरून स्पष्ट होऊ शकेल.

खाडीच्या दोन तीरांवर

वाशिष्ठी खाडीच्या मुखाशी, उत्तर तीरावर, दापोली तालुक्यातील दाभोळ हे प्राचीन बंदर वसले आहे. त्याच्या नावाने गाजलेला वीजप्रकल्प मात्र समोरच्या तीरावर, गुहागर तालुक्यातील अंजनवेल-वेलदूर परिसरात आहे. ७४० मेगावॅटचा त्याचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. विजेचा दर व थकलेली देणी यांच्या वादातून मे २००१ मध्ये निर्मिती थांबली आणि पाठोपाठ दुसऱ्या टप्प्याचे बांधकामही बंद पडले. जुलै २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली आणि २००६ मध्ये वीजनिर्मिती पुन्हा सुरू झाली.

आता केवळ उदाहरणादाखल अशी कल्पना करू की, २००४ साली या परिसरातील ४० बेरोजगारांना वेल्डिंग व विद्युतकामाचे प्रशिक्षण देण्यात आले आणि २००७ साली त्यांपैकी २५ जण कामावर आढळले. अहवालात '२५ जणांना रोजगार' अशी नोंद होईल. परंतु प्रशिक्षण न घेतलेल्या तशाच ४० जणांपैकी २० जणही त्या वेळी कामावर असतील, तर कार्यक्रमाचे श्रेय पाच जणांपुरतेच उरते. बाकीचे काम प्रकल्प पुन्हा सुरू झाल्याने मिळाले असते. याउलट, २००० साली प्रशिक्षण घेतलेल्या ४० जणांपैकी २००२ साली दहाच जण कामावर असले, पण प्रशिक्षण न घेतलेल्या तेवढ्याच लोकांपैकी दोघेच असले, तर श्रेय आठ जणांचे होते. म्हणजे ज्या कार्यक्रमाचा आकडा लहान, तोच अधिक उपयोगी ठरतो. तुलनेशिवाय आकडा बोलत नाही, हाच मूल्यमापनाचा पहिला नियम होय.

तुलना कशी करावी?

या दृष्टीने ऑस्ट्रियातील मारिएन्टाल या वस्तीचा अनुभव उद्बोधक आहे. तेथील कापडगिरणी बंद पडल्यानंतर बेकारीचा मनुष्यजीवनावर होणारा परिणाम सांगणारा अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला व जगभर गाजला. त्याच परिसरात ऑक्टोबर २०२० मध्ये, वर्षाहून अधिक काळ बेकार असलेल्यांना कामाची हमी देणारा प्रयोग सुरू झाला. सहभागी व्यक्तींचे चिठ्ठीप्रमाणे दोन गट करण्यात आले. एक गट आधी, तर दुसरा सुमारे चार महिन्यांनी दाखल झाला. मधल्या काळात दोहोंची तुलना झाली. शिवाय तशाच अन्य गावांशीही ताडून पाहण्यात आले. उत्पन्नाबरोबरच दिवसाची शिस्त, मनःस्वास्थ्य आणि इतरांशी संबंध यांतही सुधारणा दिसली.

आपल्याकडेही अर्ज अधिक व जागा कमी असल्यास गावासमक्ष चिठ्ठ्या टाकून पहिली व दुसरी तुकडी ठरविता येईल. यात कोणावर अन्याय होत नाही आणि तुलनेची सोयही आपोआप होते.

नोंदवहीत न दिसणारे बेकार

कोकणात आणखी एक अडचण आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक कामगार गावी परतले. घरची थोडी जमीन असल्याने असा माणूस कागदोपत्री 'शेतकरी' ठरतो आणि बेकारांच्या गणनेतून वगळला जातो. स्त्रियांच्या बाबतीत 'घरकाम' हा शब्द हेच कार्य करतो. तसेच मुंबईस गेलेला प्रशिक्षणार्थी यशस्वी की अयशस्वी, हे त्याच्या गैरहजेरीवरून ठरत नाही. त्याची चौकशीच करावी लागते. पाहणी कोणत्या महिन्यात केली, यानेही फरक पडतो. आंब्याच्या हंगामात अनेक हात कामात दिसतात. जून-जुलैतील मासेमारीबंदीच्या काळात तेच रिकामे असतात.

कलम जगले काय?

राज्याची रोजगार हमी योजना १९७२ साली सुरू झाली आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. तिच्याशी निगडित फळबाग लागवड कार्यक्रम १९९० साली हाती घेण्यात आला. त्यात खड्डे किती खणले, एवढ्यावर हिशेब संपत नव्हता. पुढील वर्षांचे अनुदान जिवंत राहिलेल्या कलमांच्या प्रमाणाशी जोडलेले होते. झाडाला लावलेली ही कसोटी माणसाच्या रोजगारालाही लावली पाहिजे.

त्यासाठी ग्रामपंचायतीने प्रत्येक सहभागी व्यक्तीबद्दल पुढील नोंदी ठेवाव्यात :

१. कार्यक्रमापूर्वी ती किती महिने कामावाचून होती व पूर्वी कोणते काम करीत होती.
२. सहा महिने, एक वर्ष व दोन वर्षांनंतर महिन्यातील कामाचे दिवस व मिळकत.
३. कार्यक्रम मध्येच सोडल्यास त्याचे कारण.
४. प्रवेश न मिळालेल्या अर्जदारांची हीच माहिती.
५. नव्याने लागलेल्या व्यक्तीमुळे दुसऱ्या कोणाचे काम गेले काय.

या नोंदींपैकी पहिलीचे महत्त्व विशेष आहे. केवळ यशाची टक्केवारी मोजली गेली की, लवकर काम मिळू शकणारे तरुण निवडण्याकडे यंत्रणेचा कल होतो. पाच वर्षे घरी बसलेला पन्नाशीचा कामगार किंवा एकटी स्त्री मागे राहते. म्हणूनच निकाल दीर्घकाळ बेकार व अल्पकाळ बेकार असे वेगळे मांडावेत. दीर्घकालीन बेकारांपैकी थोड्यांनाच काम लागले, तरी तो आकडा कमी लेखू नये. किंबहुना कार्यक्रमाची खरी गरज त्यांनाच असते.

शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांना गावातील प्रत्येक घर ठाऊक असते. त्यांनी ही नोंदवही वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे वाचली, तर कोणता कार्यक्रम चालू ठेवावा, कोणता बदलावा आणि कोणाच्या दारी अद्याप पोहोचावयाचे आहे, याचा निर्णय गावालाच घेता येईल.