धुऱ्यावरची पाथरी परसात लावा

पाऊस ओसरला की बोरगाव-सौंसरच्या आपल्या पट्ट्यात, संत्र्याच्या बगीच्यात आणि वावराच्या धुऱ्यावर, एक झाड जमिनीला चिकटून पसरते. कातरलेली पाने चक्रासारखी बसतात आणि बारीक दांड्यांवर सकाळी पिवळी फुले उमलतात. ती पाथरी. निंदायला गेलेल्या बाया ती खुरप्याने काढून ओटीत टाकीत, आणि दुपारी ज्वारीची भाकर, जवसाची चटणी व कच्ची पाथरी असे जेवण होई. बाजारात भाव नाही म्हणून ती गरिबाची भाजी ठरली. संत्र्याला मात्र भाव आहे, आणि पाथरीची अडचण तिथूनच सुरू झाली.

बगीच्यात निंदणाला माणसे मिळेनाशी झाली तशी तणनाशके आली. ग्लायफोसेट फवारले की ते पानातून मुळापर्यंत उतरते; पण झाड लगेच वाळत नाही. पुष्कळ दिवस पान हिरवेगारच दिसते. गेल्या हिवाळ्यात आम्ही एका धुऱ्यावर टोपलीभर पाथरी खुडली. घरी निघणार तोच पलीकडून आवाज आला, “अहो, परवाच फवारलं आहे तिथं!” पानाकडे पाहून आम्हांला काही कळले नव्हते. टोपली तिथेच पुरली. तेव्हापासून दुसऱ्याच्या वावरातली पाथरी, विचारल्यावाचून, आमच्या घरात येत नाही. पाने धुतल्याने हे औषध निघून जाते असे समजू नका; ते पानाच्या आत गेलेले असते. पॅराक्वाट तर याहून भयंकर. ते थोडेसे पोटात गेले तरी जीव जातो, आणि त्यावर उतारा नाही.

म्हणून पाथरी आपल्या परसात आणावी. आधी तिची ओळख पक्की करून घ्या. तिचे एक फूल खुडून पाकळ्या सुट्या करा. आपण जिला पाकळी म्हणतो ती प्रत्येक एक पूर्ण फूल आहे. तिच्या टोकाला पाच बारीक दाते दिसतील. असा फुलांचा गुच्छ म्हणजे सूर्यफुलाच्या कुळाची खूण. सूर्यफुलात कडेची फुले वेगळी आणि मधली वेगळी. पाथरीत सगळी एकसारखी, पट्टीसारखी. पान मोडले की पांढरा चीक येतो. पण चिकावर एकट्या विसंबू नका, कारण रुईचा चीकही पांढराच असतो. पिवळ्या धोत्र्याचे फूलही पिवळे. परंतु त्याची पाने काटेरी व चीक पिवळा. त्याचे बी मोहरीच्या तेलात मिसळले गेल्याने १९९८ साली दिल्लीत साठाहून अधिक माणसे दगावली. मुलांना ही दोन झाडे शेजारी ठेवून दाखवा.

लावणी सोपी आहे. फुलाचा पांढरा कापूस झाला, मुले जिला म्हातारी म्हणतात, की वारा सुटण्याआधी सकाळी तो खुडावा. भरलेले बी निवडून भुसभुशीत वाफ्यावर टाकावे आणि वर माती नुसती भुरभुरावी. बी बारीक आहे, खोल गेले तर उगवत नाही. मुळाचा चार बोटांचा तुकडाही फुटतो. खुरपे मारूनही पाथरी पुन्हा येते ती त्यामुळेच. मात्र मूळ फवारलेल्या जागेतले नसावे. पाणी बेताचे द्या, भांड्यांच्या साबणाचे नको. बाहेरची पाने खुडा, गाभा राखा. कडवट वाटली तर झाडावर पाचसहा दिवस मडके पालथे घाला. उजेड न मिळाल्याने पान फिकट व कमी कडू होते. युरोपात पाथरीच्या जवळच्या नात्यातल्या झाडांना शेतकरी असेच झाकतात. आज सॅलडात मिरवणारे लेट्यूसही याच कुळातले, आणि त्याचे मूळही असल्याच एका कडू रानझाडात आहे. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून ते गोड केले. पाथरीच्या नशिबी तेवढी निवड आली नाही, एवढेच.

कोवळी पाने चांगली धुऊन कच्ची खावीत, किंवा तुरीच्या डाळीत घालून पातळ भाजी करावी. वर लिंबू पिळा, पालेभाजीतले लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास ते कमी लागते. गाजर गवताने ज्यांच्या अंगाला खाज सुटते त्यांनी पाथरी हाताळताना जपावे, कारण दोन्ही एकाच कुळातली आहेत. काविळीवर पाथरीचा रस पाजा असे कोणी सांगितले तर ऐकू नका. डोळे पिवळे दिसले की दवाखाना गाठा.

आणि एक शेजारधर्म. बियाण्यापुरती दोनचार फुले ठेवून बाकीची, कापूस होण्याआधीच, खुडून शेळीला घाला. नाहीतर तुमची भाजी वाऱ्यावर बसून शेजाऱ्याच्या वाफ्यात जाईल, आणि तो औषधाचा पंप घेऊन कुंपणाशी उभा राहील.