कमावलेली सायकल

जातिव्यवस्थेने बुद्धी आणि श्रम यांची फारकत केली, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे. ही फारकत शिक्षणातूनच मिटेल, असे आम्ही मानतो. याचे एक उदाहरण अमेरिकेतील बॉस्टन शहरात आढळते.

निकाराग्वाला सायकली पाठविण्यासाठी १९८४ साली ‘बाइक्स नॉट बॉम्ब्स’ ही संस्था स्थापन झाली. पुढे तिने बॉस्टनमधील मुलांसाठी ‘अर्न अ बाइक’ म्हणजेच ‘सायकल कमवा’ हा वर्ग सुरू केला. मुले देणगीत आलेली जुनी सायकल खोलून ती दुरुस्त करतात. पंक्चर काढणे, चाकाचा आऊट काढणे, ब्रेक आवळणे शिकतात. सोबत हेल्मेट, हाताचे इशारे व रहदारीचे नियम यांचे धडे असतात. अखेरीस सायकल त्यांची होते. येथे दान नाही, कमाई आहे. म्हणून मान ताठ राहते.

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. परंतु चेन तुटली आणि दुरुस्ती येत नसली, की सायकल भिंतीला टेकते आणि शाळा लांब पडते. निघण्यापूर्वी हवा, ब्रेक, चेन तपासणे हा तथागतांनी शिकविलेला अप्रमादच होय.

माजी विद्यार्थ्यांनी पाने व पंप घेऊन रविवारचा एक तास वसतिगृहास द्यावा. ग्रीसने माखलेल्या हातांची लाज वाटू नये, हा धडा आपण सर्वांनी मिळून द्यावयाचा आहे.