खेळाच्या तासाला आलेला प्रश्न : मुलींची स्पर्धा वेगळी का?

मावळात पावसाळ्यात खेळाच्या तासाला मैदान मिळत नाही, हे इथल्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. लोणावळ्याकडे तर आठ-आठ दिवस उघडीप नसते. मग वर्गातच बुद्धिबळाचे पट निघतात.

अशाच एका तासाला मी दिव्या देशमुखबद्दल सांगत होतो. नागपूरची ही १९ वर्षांची मुलगी जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथे महिला विश्वचषक जिंकली. अंतिम फेरीत समोर अनुभवी कोनेरू हम्पी. मुख्य दोन्ही डाव बरोबरीत सुटले, मग जलद डावांत दिव्याने बाजी मारली आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर किताबही मिळवला. सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, महिलांचा विश्वचषक वेगळा कशाला? ही काय कुस्ती आहे?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. पुढच्या तासाला मात्र खाडिलकर भगिनींची गोष्ट सांगितली.

‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या या तीन मुली. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंतीने जिंकली. पुढे जयश्री आणि रोहिणीही राष्ट्रीय विजेत्या झाल्या. रोहिणी १९७६ मध्ये अवघ्या तेराव्या वर्षी! त्याच वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीही स्पष्ट केलं, की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. आणि रोहिणी नुसती बसायला गेली नव्हती बरं का. त्या स्पर्धेत तिने तीन राज्यविजेत्यांना हरवलं.

पालकांनो, स्पर्धेच्या फॉर्मवर ‘खुला गट’ लिहिलेलं असतं ते नीट वाचा. खुला म्हणजे मुलांचा नव्हे, सगळ्यांचा. आपण सवयीने मुलीचं नाव मुलींच्या गटात टाकतो, तिथे बक्षिसाची आशा जास्त म्हणून. मुलींचा गट वाईट नाही. खाडिलकर भगिनीही महिलांच्या स्पर्धेतूनच पुढे आल्या. पण दोन्हींपैकी काय हवं ते मुलीला विचारतो कोण?

वर्गात मी दोन गट पाडले, एक आयोजकांच्या बाजूने, एक रोहिणीच्या. वाद रंगला. शेवटी एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, मुलीकडून हरलो तर सगळे चिडवतात." माझ्या मते त्या तासातलं सगळ्यात खरं वाक्य तेच.

प्रश्न विचारणारी ती मुलगी तोवर त्याच्याचसमोर पट मांडत होती. पहिला डाव हरली. वजीर फुकट घालवला. लगेच सोंगट्या परत लावायला घेतल्या.