उडीच्या आधीची तयारी



व्हॉलीबॉलमध्ये समोरच्या संघाकडून सर्व्हिस जिंकून घेतली की सहाही खेळाडू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक जागा सरकतात. आता जाळ्याशी स्मॅश मारणारा थोड्या वेळाने मागच्या ओळीत जातो आणि तिथे त्याला जमिनीलगतचा चेंडू उचलावा लागतो. १९९८ मध्ये लिबेरो, म्हणजे फक्त मागच्या ओळीत बचाव करणारा खेळाडू, आला, तेव्हापासून उंच खेळाडूंना मागच्या ओळीतून सुट्टी मिळू लागली. शालेय वयात ही सवलत घेऊ नये. केवळ उंची पाहून बाराव्या वर्षीच मुलाला स्मॅशर ठरवून टाकणे म्हणजे त्याचा अर्धा खेळ काढून घेणे होय.

दुसरी अडचण जमिनीची. मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इकडे, सरावाची जागा बहुधा शाळेचे पटांगण नाहीतर सोसायटीचे आवार, आणि तिथे अनेकदा पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट. वाढीच्या वयात हाडे भराभर लांबतात आणि स्नायूंवर ताण येतो. त्यात कठीण जमिनीवर रोज उड्या मारल्या की गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाशी, दुखरा उंचवटा येतो. दहा ते पंधरा वर्षांच्या खेळाडूंत हे दुखणे नेहमीचे आहे.

म्हणून उडी वाढवण्याआधी उतरणे शिकावे. पायरीवरून खाली उडी घ्यावी. आधी चवडे टेकावेत, मग टाचा. गुडघे पावलांच्या रेषेत वाकावेत, एकमेकांकडे झुकू नयेत. त्याच अवस्थेत दोन सेकंद थांबावे. पावलांचा धप्प आवाज आला तर उतरणे चुकले. स्मॅशनंतर एकाच पायावर उतरण्याची सवय पुष्कळ मुलांना असते. ती इथेच मोडते.

बाकीची तयारी आपल्याच खेळांत आहे. लंगडीत एका पायावर तोल सांभाळत वळावे लागते. खो-खोत उकिडवा बसलेला खेळाडू खो मिळताच सुटतो; बचावासाठी वाकलेल्या व्हॉलीबॉलपटूलाही असेच क्षणात सुटावे लागते. मल्लखांबाने पकड, खांदे आणि पोट बळकट होते, उलटे असतानाही शरीराचे भान राहते, आणि मैदानात चिखल झाला तरी छताखाली सराव चालू राहतो. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकवणारे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. इतका मोठा वारसा उपनगरातून लोकलच्या अंतरावर आहे. स्मॅशच्या हाताला टेनिसचा चेंडू लांब फेकण्याचा सराव उपयोगी पडतो. तो डाव्या हातानेही करावा.

आठवड्यातले दोन दिवस जाळे न बांधता हेच खेळ खेळावेत आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. गुडघा दुखू लागला तर त्याच दिवशी प्रशिक्षकांना सांगून उड्या कमी कराव्यात. चालतानाही दुखत असेल, तर सामना कितीही महत्त्वाचा असो, आधी डॉक्टरांना दाखवावे.