जुन्या गाडीला दिवे कोणते घ्यावेत?

प्रश्न : माझ्याकडे २००७ ची अल्टो आहे. कामासाठी लातूरला जाणं-येणं असतं आणि परतताना रात्र होते. दिवे इतके मंद झालेत की अहमदपूरच्या पुढे उसाची ट्रॉली अगदी जवळ गेल्यावर दिसते. दुकानदार म्हणतो, एलईडी टाका. मित्र म्हणतो, शंभर वॅटचे बल्ब बसव. काय घेऊ?
– एक वाचक, लोहा (जि. नांदेड)

उत्तर : दोन्ही घेऊ नका. निदान आज तरी काहीच विकत घेऊ नका.

आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, बल्बच्या होल्डरवर किती व्होल्ट येतात ते मल्टिमीटरने मोजायला सांगा. बॅटरीवर साडेतेरा-चौदा आणि होल्डरवर जेमतेम बारा भरले, तर बल्ब निर्दोष आहे, व्होल्टेज वाटेत वायरिंगमध्येच गळतंय. जुन्या गाडीचं दुखणं बहुतेक वेळा हेच असतं. स्विचचे पॉइंट झिजतात, अर्थिंगच्या नटाला गंज चढतो, मूळची वायरही बारीकच. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार झपाट्याने पडतो. व्होल्टेज दहा टक्के घसरलं की उजेड तीसेक टक्क्यांनी जातो. अर्थिंग घासून घ्या, फ्यूज घालून बॅटरीवरून जाड वायर ओढा, मध्ये रिले बसवा. पुष्कळदा तोच जुना बल्ब लख्ख पेटतो.

तुमच्या गाडीत एच४ जातीचा ६०/५५ वॅटचा बल्ब असतो. बारा व्होल्टवर साठ वॅटला पाच अँपिअर लागतात, शंभर वॅटला आठच्या वर. तेवढा भार त्याच वायरीवर टाकला की होल्डर वितळतो आणि आतल्या रिफ्लेक्टरची चांदी, म्हणजे चकचकीत मुलामा, काळवंडते. शिवाय असे बल्ब रस्त्यावर चालवायला परवानगी नाही.

एलईडीचं जरा सविस्तर सांगतो, कारण फसगत तिथेच होते. एच४ मध्ये दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर उतरतो. सगळा रिफ्लेक्टर त्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. तिथे एलईडीची पट्टी आली, जागा जराशी जरी हलली, की उजेड विखुरतो. बोनेटपुढचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो, म्हणून चालवणाऱ्याला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. पण जवळच्या झगझगाटाने डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबची ट्रॉली आणखीच अंधारात जाते. समोरून दुचाकीवर येणाऱ्याला तर काहीच दिसत नाही. मोटार वाहन नियम सांगतात की, दिव्यापासून ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना झोत दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे साधारण उभ्या माणसाचे डोळे. ट्रॉलीशेजारी उभा असलेला मजूर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हा नियम पटेल.

आता काच. प्लास्टिक उन्हाने पिवळं पडलं असेल तर ओल्या पॉलिश पेपरने, आधी भरड मग बारीक, घासून घेता येतं. वर यूव्ही कोटिंग मात्र हवंच, नाहीतर मराठवाड्याच्या उन्हात थोड्याच महिन्यांत ते पुन्हा पिवळं पडतं. आतली चांदीच उडाली असेल तर उपाय नाही, पूर्ण असेंब्ली बदला, आणि दोन्ही बाजूंची एकदम. ती आपल्याकडच्या डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठीच बनलेली हवी. आपल्या डिपरचा झोत डावीकडे, रस्त्याच्या कडेला, थोडा वर चढतो. उजवीकडून गाड्या चालवणाऱ्या देशांचा माल घेतलात तर तोच झोत समोरच्याच्या तोंडावर जाईल.

बल्ब बदलायचाच झाला तर नावाजलेल्या कंपनीचा ६०/५५ चाच घ्या, जोडीने बदला आणि त्याच्या काचेला बोट लावू नका; बोटाचं तेल तापून काच फुटते.

शेवटी झोत जुळवून घ्या. सपाट जागेवर भिंतीपासून पाच मीटरवर गाडी लावा, टायरची हवा बरोबर ठेवा आणि कुणाला तरी चालकाच्या सीटवर बसवा. बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरची वरची कडा त्या रेघेच्या पाच सेंटिमीटर खाली यायला हवी. पासिंगच्या वेळी आरटीओतही दिवे तपासतात, तेव्हा हे काम त्याआधीच उरका. डिकीत सोयाबीनची पोती टाकलीत की गाडीचं तोंड वर होतं आणि झोतही वर जातो. त्या दिवशी डॅशबोर्डवरची उंचीची चकती, असल्यास, खाली फिरवा.