मूल उशिरा बोलते? आधी कानाची तपासणी, रोज घरचा सराव

विजयदुर्गात विहारातली वंदना आटोपली की एखादी आई मागे थांबते आणि हळूच विचारते, "दोन वर्षांचा झाला, अजून 'आई' म्हणत नाही. काय करू?" घरातून तिला उत्तर आधीच मिळालेले असते, "तेचो बापूस पण उशिराच बोलाक लागललो." कोणी जिभेवर वेखंड लावायला सांगते, कोणी गंडा बांधायला. त्यात वर्ष निघून जाते. भाषा शिकण्याचा मेंदूचा वेग पहिल्या तीन वर्षांत फार मोठा असतो, म्हणून हे वाया गेलेले वर्ष महाग पडते. उशिरा बोलणे हा आईचा दोष नाही आणि नजर लागल्याचा परिणामही नाही. त्याचे कारण शोधायचे असते.

कोणत्या वयात काय यावे?

एक वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळून बघते आणि एखादा शब्द बोलू लागते. दीड वर्षाचे मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवते, थोडे शब्द बोलते. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडते, जसे "पाणी व्हया", "होडी गेली". तीन वर्षांच्या मुलाचे बरेचसे बोलणे परक्या माणसालाही कळते. यात मूल मागे वाटले तर तपासणी करावी. येत असलेले शब्द बंद झाले, तर वय कोणतेही असो, लगेच डॉक्टरांकडे जावे.

आधी कान

"दार आपटले की दचकतो, म्हणजे ऐकू येते" असे आपण समजतो. पण कमी ऐकणाऱ्या मुलालाही मोठा आवाज कळतो. बोलण्यातले बारीक आवाज मात्र निसटतात. जे नीट ऐकूच येत नाही ते मूल बोलणार कसे? कान फुटत असेल तरी ऐकणे कमी होते. टाळी वाजवून घरी ही पारख होत नाही. ओएई आणि बेरा या तपासण्या लहान बाळाच्याही होतात आणि त्या दुखत नाहीत.

यासाठी अंगणवाडी सेविकेला सांगा. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासायची असतात. ऐकणे आणि बोलणे दोन्ही त्यात येते, आणि पुढचे उपचारही मोफत असतात. पथक येईपर्यंत थांबू नका. देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात मूल दाखवा आणि ओरोसच्या जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी मागा. आपल्या बऱ्याच घरांतले कोणी ना कोणी मुंबईत असते. तिथे वांद्र्याला केंद्र सरकारची अली यावर जंग वाक् व श्रवण संस्था आहे.

घरचा सराव

तपासणीची तारीख लांबची असली तरी सराव आजच सुरू करा. दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटे पुरेत. वेगळी खेळणी लागत नाहीत.

1. मुलासमोर खाली बसा, तोंड त्याला दिसू द्या. ते ज्याकडे बघते त्याबद्दलच बोला.

2. काम करता करता छोटे शब्द बोला. मासे साफ करताना "बांगडो. मोठो बांगडो." आंघोळीला "पाणी. गरम पाणी."

3. मूल एक शब्द बोलले तर आपण दोन बोला. ते "होडी" म्हणाले, तर आपण "होडी इली".

4. विचारून थांबा. "पेज व्हया की भाकरी?" मग मनात दहापर्यंत मोजा. मुलाने बोट दाखवले तरी ते उत्तर धरा, शब्द आपण बोला आणि वस्तू द्या.

5. "बोल, बोल" म्हणून मागे लागू नका. चुकीच्या उच्चाराला हसू नका. बरोबर शब्द आपण सहज पुन्हा म्हणा.

6. जेवताना मोबाइल बंद. दोन वर्षांखाली मोबाइल-टीव्ही नकोच. पुढे दिवसाला एक तासापेक्षा जास्त नाही. मोबाइल बोलतो, पण मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

काही घरांत मालवणी बंद करून मुलाशी 'शुद्ध' मराठी किंवा इंग्रजी बोलायला सुरुवात होते. तसे करू नका. आपल्याला मनापासून येते तीच भाषा मुलाला जास्त मिळते. दोन भाषा कानावर पडल्याने बोलणे लांबत नाही.

मुलाचा प्रत्येक नवा शब्द तारखेसह वहीत लिहा. आजीने, भावंडांनीही लिहावा. डॉक्टरांना ती वही फार उपयोगी पडते.

न बोलणाऱ्या मुलाला वस्तीत 'मुको' हे नाव पटकन चिकटते. त्याच नावाने ते शाळेत जाते आणि मागच्या बाकावर बसते. शिक्षणासाठी एवढी धडपड करणाऱ्या आपल्या समाजाने हे होऊ देऊ नये. शेजारच्या घरात असे मूल असेल तर नाव ठेवू नका. त्याच्या आईसोबत अंगणवाडीपर्यंत चला.