सहा महिन्यांचा प्रवास

मुलांनो, घाटात बंद पडलेली एस.टी. तुम्ही पाहिली असेल. प्रवासी खाली उतरतात. कोणी झाडाखाली बसतो, तर कोणी ड्रायव्हरला न मागता सल्ला देतो. थोड्या वेळाने, सकाळपर्यंत अनोळखी असलेली माणसे एकमेकांच्या डब्यातली भाजी चाखू लागतात. आता विचार करा, एक गाडी अशीच थांबत थांबत बावीस वर्षे चालली आणि तिने जगाची सफर केली! तुम्ही उर्दूत ज्याला सफर म्हणता, त्याला मराठीत बहुधा प्रवास म्हणतात. मुक्काम हा शब्द मात्र दोन्ही भाषांचा आहे, आणि या हकिकतीत मुक्कामच फार आहेत.

दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना नावाचा देश आहे. तेथे हर्मन आणि कँडेलारिया झॅप हे पतिपत्नी राहत होते. दोघे लहानपणापासून एकमेकांना ओळखत. लग्नाला सहाएक वर्षे झाली होती आणि नोकऱ्या चांगल्या होत्या. उत्तर अमेरिकेच्या टोकाला असलेल्या अलास्कापर्यंत जायचे, हे त्यांचे जुने स्वप्न होते. पाठीवर पिशव्या घेऊन निघावे, असे त्यांनी ठरवले होते. तेवढ्यात त्यांना एक जुनी मोटार मिळाली.

ती १९२८ सालची ग्रॅहम-पेज होती. तिचे इंजिन सुरूसुद्धा होत नव्हते. रंग खराब झालेला, आणि चाकांच्या आऱ्या आपल्या बैलगाडीसारख्या लाकडी! दोघांपैकी कोणीही मेकॅनिक नव्हते. तरीही त्यांनी ती घेतली आणि तिला मॅकोंडो कांबालाचे असे नाव दिले. २५ जानेवारी २००० रोजी, राजधानी ब्वेनोस आइरेसमधील ओबेलिस्क नावाच्या उंच स्तंभापासून ते निघाले. सहा महिन्यांत अलास्काला पोहोचायचे, असा त्यांचा हिशेब होता.

या गाडीकडे जरा नीट पाहू या. तिचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास. मागची वाहने भराभर पुढे निघून जात. आत पंख्याचीही सोय नाही. लाकडी आऱ्यांची तऱ्हा तर वेगळीच असते. कोरड्या हवेत लाकूड आकसते, आऱ्या सैल होतात आणि चाक कुरकुरू लागते. सुटा भाग मोडला तर तो कोणत्या दुकानात मिळणार? तो बनवूनच घ्यावा लागतो. पण याच गोष्टीचा एक फायदाही आहे. नव्या मोटारी बिघडल्या तर त्यांच्यासाठी संगणक लागतो. या जुन्या मोटारीत लपलेले असे काही नाही. गावचा लोहार, सुतार किंवा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूसही तिच्यात डोके घालून म्हणू शकतो, “थांबा, बघतो.” बावीस वर्षांत तिच्या इंजिनाची मोठी दुरुस्ती फक्त दोनदा करावी लागली. टायर मात्र आठ वेळा बदलले.

हीच गाडी त्यांचे घर होती. इंजिनाच्या उष्णतेवर ते अन्न शिजवत. रात्री कापडाचे छत ताणून झोपण्याची जागा तयार होई.

खरी कसोटी लागली ती इक्वेडोर देशात. तेथे जवळचे पैसे संपले. अलास्का अजून फार दूर होते. घरी परतावे तर कोणी नावे ठेवली नसती. मला वाटते, आपल्यापैकी बहुतेक जण तेथूनच मागे फिरले असते. या दोघांनी वेगळा मार्ग शोधला. कँडेलारिया पक्ष्यांची चित्रे काढू लागली. हर्मन त्यांना चौकटी बनवी आणि दोघे मिळून ती चित्रे विकत. पुढे त्यांनी आपल्या प्रवासावर पुस्तक लिहिले. तेही हातोहात विकून त्यांनी पेट्रोलचा खर्च भागवला. अमेझॉन नदी आली तेव्हा रस्ताच संपला. मग होड्या एकत्र बांधून त्यांनी तराफा केला आणि गाडी त्यावर चढवली! सहा महिन्यांच्या प्रवासाला अशा रीतीने साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागला. २००३ साली ते अलास्काला पोहोचले. तोवर त्यांच्या कडेवर एक मूलही होते.

तेथे प्रवास संपायला हवा होता; पण तो संपला नाही. ते पुढे जगातील इतर खंडांकडे वळले. पाम्पा २००२ मध्ये अमेरिकेत जन्मला होता. तेहुए २००५ मध्ये अर्जेंटिनात, मुलगी पालोमा २००७ मध्ये कॅनडात आणि वॉलबी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मला. माणसे वाढली, म्हणून गाडी मधोमध कापून थोडी लांब करावी लागली. या मुलांना शाळेची कायमची सुट्टी होती, असे समजू नका. आई त्यांचा अभ्यास घेत असे! आजारपणही चुकले नाही. हर्मनला मलेरिया झाला. आफ्रिकेत इबोलाच्या साथीची भीती होती.

या काळात सुमारे दोन हजार घरांनी त्यांना मुक्कामाला जागा दिली. भाषा वेगळी, धर्म वेगळा, जेवण वेगळे. गाडी नवीकोरी आणि वेगवान असती, तर यांतली किती दारे त्यांनी ठोठावली असती? रस्त्याच्या कडेला वाकून चाकाकडे पाहणाऱ्या माणसाजवळ कोणीतरी थांबतेच. ऐटीत निघून जाणाऱ्याला कोण थांबवणार?

मार्च २०२२ मध्ये ती गाडी पुन्हा त्याच ओबेलिस्कपाशी आली. १०२ देश आणि ३ लाख ६२ हजार किलोमीटर अंतर मागे पडले होते. निघताना गाडीत दोघे होते, आता सहा जण उतरले. मोठा मुलगा १९ वर्षांचा झाला होता. पुढे काय करणार, असे लोकांनी विचारले. तेव्हा शिडाच्या बोटीतून जगाला फेरी मारण्याचा विचार हर्मनने बोलून दाखवला. त्या प्रवासाला किती महिने लागतील, हे मात्र या वेळी त्याने सांगितले नाही.